टिलीला नदी ओलांडायला लावली त्याची तक्रार

माझ्या डेल्फा मावशीला,

शेल्बीचा गळ्यात पडून नमस्कार. कशी आहेस? कानातली ती शिट्टी थांबली का, की अजून चर्चमध्ये सगळे डोळे मिटून बसलेले असताना तू "किटली उतरवा गं कुणीतरी" म्हणतेस? टोमॅटोची रोपं लावलीस का? कुत्र्याच्या पायातला काटा निघाला का? आम्ही इथे बरे आहोत. बरे म्हणजे हातपाय जिथल्या तिथे आहेत, त्याहून जास्त काही मी म्हणणार नाही. नववीत शाळा सोडल्यापासून मी एवढं लांब काही लिहिलेलं नाही, पण हे फोनवर सांगायची सोय नाही, कारण फोन स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरात सासूबाई. म्हणून मी कपडे धुवायच्या मशीनवर वही ठेवून लिहितेय. अक्षर हललेलं दिसलं तर ते मशीनमुळे. अर्धं मशीनमुळे, अर्धं रागामुळे.

मावशी, तूच सांग, तू तर माझ्या आईच्या जागी. पोर जन्माला घातली मी. सात आठवडे आधी आली, बुटाच्या खोक्यात मावेल एवढी होती, तू आली होतीस तेव्हा दवाखान्यात, तूच म्हणालीस हिला पिशवीतल्या अंड्यासारखी धरा. तशीच धरली मी चार वर्षं. आणि आता या टॉलिव्हर लोकांची रीत काय, तर पोर चार वर्षांचं झालं की मे महिन्यात त्याला टर्की फोर्कच्या पार्कात न्यायचं, तीन दिवस नदीकाठच्या झाडीत घोड्यांसकट मुक्काम ठोकायचा, आणि रविवारी सकाळी त्या पोराला एकट्याला जनावरावर बसवून नदी पार करवायची. पलीकडच्या काठावर मग सगळ्यांचं जेवण. सासरे पुढे दोरी धरून चालतात म्हणे. (दोरी जनावराच्या तोंडाला असते. माझ्या पोरीला नसते.) हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं? कुणीही नाही. डॅरिलनं मला लग्नाआधी एवढंच सांगितलं होतं की आमच्याकडे थोडीफार घोडी आहेत. एखाद्यानं आमच्याकडे थोडाफार पूर येतो म्हणावं तसं.

मी डॅरिलला फेब्रुवारीपासून नाही म्हणत होते. तो दर वेळी हो हो म्हणायचा, आणि मला वाटायचं की तो माझ्या नाहीला हो म्हणतोय. तर नाही. तो नुसताच हो म्हणत होता. गुरुवारी अंगणात आले तर हा नळी घेऊन घोड्यांचा ट्रेलर आतून धुतोय. मी म्हटलं, स्वच्छता कसली चाललीय एवढी? म्हणाला, आपण झोपणार नाही का त्यात! मावशी, मला सांगितलं होतं की तिथे गरम पाण्याच्या न्हाणीघराची सोय आहे, तर मी समजले लाकडी खोल्या असतील, चादरी असतील. प्रत्यक्षात काय, तर जाताना त्यात घोडी जाणार, पोचल्यावर घोडी उतरणार, मग फावड्यानं लीद काढायची, परत एकदा नळी मारायची, आणि जिथे घोडी उभी होती तिथे आपण आडवं व्हायचं. आणि हे सगळेच करतात! तिथे बघावं तर ओळीनं पंधरा ट्रेलर आणि प्रत्येकातून एकेक शहाणीसुरती बाई केस विंचरत बाहेर येतेय. मी एकटीच नाक धरून. सासूबाई म्हणाल्या, "दोन दिवसांनी वास येत नाही." म्हटलं, जातो का? म्हणाल्या, "नाही, आपल्याला लागतो."

जनावरं कोण कोण ते सांगते. सासूबाईंची घोडी डचेस, जी मला बघितलं की कान मागे टाकते. (सासूबाई पण तसंच करतात, फक्त त्यांचे कान हलत नाहीत.) डॅरिलचा घोडा रूफस, त्याला खाण्यापलीकडे काही कळत नाही. आणि हेझेल नावाचं खेचर. ती बावीस वर्षांची, म्हणजे माझ्याहून एकच वर्षानं लहान, आणि या घरात तिचा शब्द माझ्याहून जास्त चालतो. टिलीला बसवायचं ते हिच्यावर. डॅरिल, नणंद ट्रिना, आणि ट्रिनाच्या नवऱ्याचे भाऊसुद्धा, सगळे हेझेलवरूनच पलीकडे गेलेत. सासरे हार्लन वर्षाला दहाबारा वाक्यं बोलतात, त्यातली निम्मी हेझेलशी.

तर शुक्रवारी आम्ही पार्काच्या फाटकाशी पोचलो. तिथला रेंजर, मिशीवाला, चांगला माणूस, म्हणाला प्रत्येक जनावराचा रक्त तपासल्याचा कागद दाखवा. (घोड्यांमध्ये एक आजार पसरतो, म्हणून त्या कागदाशिवाय कुठल्याच पार्कात घोडं आत घेत नाहीत, हे टॉलिव्हरांच्या घरातल्या मांजरालाही माहीत आहे.) कागदांचं पाकीट सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. मी दिलं. त्यानं उघडलं, चष्मा लावला आणि वाचायला लागला, "मॅटिल्डा टॉलिव्हर. गोवराची लस झाली, धनुर्वाताची झाली, पोलिओची झाली." मग टिलीकडे बघून म्हणाला, "हिचं सगळं वेळेवर आहे बाई, ही आत जाऊ शकते. आता घोड्यांचं बोला."

मागे रूफस गवत चघळतोय तेवढं ऐकू येत होतं. आमच्याकडे दोन्ही पाकिटं एकाच खणात असतात, दोन्ही पिवळी, माणसाच्या हातून चूक होत नाही का? मी तेच म्हटलं. सासूबाईंनी मान नाही वळवली, अख्ख्या वळल्या, खुर्चीसकट वळल्यासारख्या. म्हणाल्या, "शेल्बी, तू मुद्दाम केलंस?" मुद्दाम! मावशी, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षं त्या घराची भांडी घासतेय, एक कप फोडला नाही, आणि माझ्यावर हा आळ? मी म्हटलं, आता परतच जावं लागेल ना, काय करणार, नियम म्हणजे नियम. पण सासूबाई उतरल्या, फाटकापाशी फोनची पेटी होती तिकडे गेल्या, घोड्यांच्या डॉक्टरच्या बायकोला उठवलं (नंबर पाठ! माझ्या वाढदिवसाची तारीख पाठ नाही), आणि पाऊण तासात पार्काच्या कचेरीत फॅक्समधून तीन कागद सरकत बाहेर आले. रेंजरनं बघितले आणि म्हणाला, "या आता." मी त्या यंत्राकडे असं बघितलं की ते तिथेच बंद पडायला हवं होतं.

आत गेल्यावर दुसरा प्रकार. तिथे घोडं झाडाला बांधायचं नसतं, साल खराब होते. दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर एक जाड दोरी ताणून बांधतात आणि त्या दोरीला घोडी अडकवतात. बरं, मला हे कुणी सांगितलं? डॅरिलनं दोरी ताणली आणि तो घोड्यांना पाणी दाखवायला गेला. ट्रेलर धुताना आमची एक पिशवी भिजली होती. आता दोन झाडांना ताणून बांधलेली दोरी दिसल्यावर बाई माणूस काय करेल? मी टिलीचे कपडे वाळत घातले, डॅरिलचे मोजे, आणि सासूबाईंचा तो गुलाबी झोपायचा झगा, ज्यात दोन माणसं आणि एक बकरी मावेल. मग मी लाकडं आणायला गेले. तेवढ्यात डॅरिलनं येऊन, वर न बघता (हा माणूस वर बघतच नाही), हेझेलला त्याच दोरीला अडकवलं. वारा आला. झगा फुगला. बावीस वर्षांत जिनं कशाला भिऊन कान हलवला नव्हता ती हेझेल मागे सरली, दोरीची गाठ सुटली, आणि झगा गळ्यात घालून ती निघाली. पळाली नाही हं. चालत निघाली, लग्नाला निघाल्यासारखी. शेजारच्या मुक्कामावर एक म्हातारा बीन्स खात बसला होता, त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तो उठला, त्यानं टोपी काढली आणि सासूबाईंचं नाव घेऊन म्हणाला, "या नोरीनबाई, बसा." मावशी, पंधरा ट्रेलरांचा मुक्काम हसला. मी हसले नाही. माझ्यावरच येणार हे मला माहीत होतं, आणि आलंच. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात येऊन चार वर्षं झाली आणि हिला दोरी ओळखता येत नाही." मी म्हटलं, दोरीवर नाव घालत जा मग.

आणि ती लीद! तिथे आपल्या घोड्याची लीद आपण एकचाकी गाडीत भरून पार्काच्या खड्ड्यात नेऊन टाकायची असते, सकाळ संध्याकाळ. आणि टॉलिव्हरांचा नियम असा की ज्याच्या हातून चूक झाली त्यानं ढकलायची. तीन दिवस मी ढकलली. बीन्सवाला म्हातारा दर वेळी टोपी काढत होता.

शनिवारी दुपारी मी नीट बोलायचं ठरवलं. रडायचं नाही, ओरडायचं नाही. सासूबाई खोगीर पुसत बसल्या होत्या. म्हटलं, ती अजून चार वर्षांची आहे. म्हणाल्या, "म्हणून तर. पाच वर्षांची झाली की अक्कल येते, मग कोण बसतंय?" म्हटलं, आणि पडली तर? म्हणाल्या, "पडली तर ओली होईल." ओली होईल! मावशी, नदी मी बघून आले होते. वरच्या बाजूला पाऊस झालेला, पाणी चहासारखं, मध्ये माझ्या कमरेपर्यंत, आणि अशी ओढ की मी टाकलेली काटकी वळणाआड गेलीसुद्धा. मी डॅरिलकडे बघितलं. तो म्हणाला, "मी पण गेलो होतो, मला काय झालं?" म्हटलं, ते बघतेच आहे मी रोज. ट्रिना हसली. सासूबाई नाही हसल्या. खोगीर पुसत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुला भीती वाटते ते माहीत आहे. पण भीती तुझी आहे, पोरीची नाही. तिला उगाच देऊ नकोस." हे ऐकून मी उठले आणि लिदेची गाडी ढकलायला गेले. त्या बोलल्या ते खरं होतं म्हणून नाही. एवढं लागेल असं दुसऱ्याच्या लेकीला सांगतं का कुणी?

खरं सांगू का? मला कशाची भीती वाटते ते मला नीट सांगता येत नाही, म्हणून ती कुणी धरतच नाही. त्यांना साप दाखवला तर सापाला मारतील. पण मला दिसतं ते म्हणजे तिचा हात सुटलेला, एवढंच. दवाखान्यात त्या काचेच्या पेटीच्या भोकातून मी तिला एक बोट दिलं होतं, ते तिनं धरलं होतं, आणि तेव्हापासून माझं एक बोट तिथेच आहे. हे मी लिदेच्या गाडीवर हात ठेवून कुणाला सांगू?

रविवारी नदीकाठी प्रार्थना झाली. सगळे चर्चच्या कपड्यांत, मला वाटलं देवासाठी. सासऱ्यांनी हेझेलला आणलं. डॅरिलनं टिलीला उचललं. ती दोन्ही हात वर करून गेली, वैरिणीसारखी, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि माझ्या तोंडातून निघालं, "ती जाणार असेल तर मी मागे बसून जाणार." मी म्हटलं नाही ते, तोंडानं म्हटलं. (मी तोवर खेचरावर कधी बसले नव्हते. पाठीकडून चढायचं की पोटाकडून तेही माहीत नव्हतं.) मला वाटलं आता हसतील. पण कुणी हसलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "ट्रिना, तिला वर चढव." ट्रिनानं हातांची पायरी केली आणि मी पोत्यासारखी वर गेले. टिली म्हणाली, "आई, तू थरथरू नको, हेझेलला गुदगुल्या होतात."

पाण्यात शिरलो. पहिली चार पावलं मी डोळे मिटले होते. मग हेझेल थांबली. बरोबर मधोमध. सासऱ्यांनी दोरी ओढली, पुढे गेले, मागे आले, कानात बोलले. तिला पाणी प्यायचं होतं. बावीस वर्षांच्या बाईला तहान लागली की ती पिणार, त्यात नदी, मी, पोर, कुणाची पर्वा नाही. माझे बूट पाण्यात, टिलीची टाच पाण्यात, पाणी पोटाला लागून सळसळत चाललंय. मी पोरीला इतकी आवळली की ती म्हणाली, "मला श्वास लागतो ना पण." आणि तेव्हा मी डोळे उघडून पाणी जातं त्या बाजूला बघितलं.

मावशी, ते सगळे पाण्यात होते. चर्चच्या कपड्यांत, कमरेपर्यंत. डॅरिल पहिला, मग त्याच्यापासून हातभर अंतरावर ट्रिना, मग ट्रिनाचा नवरा, मग तो बीन्सवाला म्हातारा, एका हातात अजून कॉफीचा कप, मग शेजारच्या ट्रेलरमधली दोन माणसं ज्यांची मला नावंही माहीत नाहीत, सगळे तिरप्या ओळीत, हात पसरून. आणि सगळ्यात खाली, वळणाच्या जवळ, जिथे ओढ सगळ्यात जास्त, तिथे सासूबाई. छातीपर्यंत पाण्यात. तो निळा चांगला ड्रेस. हात पसरलेले. तोंड असं पांढरं की मला आधी ओळखूच आल्या नाहीत. (त्यांना पोहता येत नाही. हे मला डॅरिलनं नंतर सांगितलं, आणि तेही मी विचारलं म्हणून.)

मग हेझेलचं पाणी पिऊन झालं आणि ती चालायला लागली, आणि आम्ही पलीकडे गेलो. बस, एवढंच. काही झालं नाही. टिलीनं काठावर पहिला शब्द काढला तो "परत."

पण माझा राग इथेच आहे मावशी! मी त्यांना विचारलं, कोंबडीचा तुकडा हातात होता तरी विचारलं, की तुम्ही सगळे खाली उभे राहता हे फेब्रुवारीपासून मला एका माणसानं का नाही सांगितलं? मी रात्र रात्र जागले, मी किती किलो वजन घालवलं. मला वाटत होतं तुम्ही काठावर बसून टाळ्या वाजवणार. तर सासूबाई ड्रेस पिळत पिळत म्हणतात, "त्यात सांगायचं काय? पोर पाण्यात असताना कोरडं कोण राहतं?" ही यांची बोलायची पद्धत. जे सांगायला पाहिजे ते सोडून घोड्यांची सात पिढ्यांची नावं सांगतील. मी तिथेच ठरवलं की पुन्हा या लोकांबरोबर, या ट्रेलरमध्ये, त्या नदीकाठी पाऊल टाकायचं नाही. डॅरिललाही सांगितलंय. तो हो म्हणाला.

मशीन थांबलं, कपडे काढते. कानात तेल घालू नकोस, डॉक्टरला दाखव. टिलीकडून तुला पापा. पत्र कुणाला दाखवू नकोस.

तुझीच,
शेल्बी

ता. क. गेल्या मंगळवारी मी तुझं केकचं भांडं परत पाठवलं ना, त्यात खाली कागद घातलेला आहे, त्याच्या खाली अजून तीन कागद आहेत. डचेस, रूफस आणि हेझेल अशी नावं दिसतील. तू ते पाहिले असशील तर पाहिले नाहीस. पाहिले नसशील तर पाहू नकोस. आळ घेतला तेव्हा मला राग आला तो खराच होता, माझ्यावर कुणी कसलाही आळ घेतला तर मला राग येतो, खरा असला तरी.

आणखी ता. क. हे सासूबाईंना कळलंय असं मला वाटतं. घरी येताना गाडीत, कुणी काही विचारलेलं नसताना, त्या म्हणाल्या की डॅरिलच्या नदीच्या वर्षी खोगीर दोन दिवस सापडत नव्हतं आणि त्यांच्या सासूनं सगळा गोठा उपसला. कोंबड्यांच्या दाण्याच्या पिंपात निघालं. एवढं बोलून खिडकीबाहेर बघत बसल्या. आता याला काय म्हणायचं? माफी नाही, कौतुक नाही, काही नाही. असं अर्धवट बोलून माणसाला दिवसभर विचार करायला लावायचं!

शेवटचं, आणि पत्र खरं याच्यासाठी. तुझ्याकडे काकांचे मासे पकडायला जायचे ते बूट अजून आहेत का, तळव्याला जाड लोकर लावलेले, शेवाळावर न घसरणारे? असतील तर सप्टेंबरच्या आत पाठव. मोठे होतील, पण मी तीन मोजे घालीन. ट्रिनाची कॅसी ऑक्टोबरमध्ये चारची होतेय, मेपर्यंत थांबणार नाहीत, कारण हेझेल म्हातारी झाली. पाणी तेव्हा बर्फासारखं असतं. सासूबाईंचे सांधे आता ते सोसत नाहीत, म्हणून वळणाजवळची शेवटची जागा त्यांनी मला दिलीय, बाकी सगळ्यांच्या हातून सुटलं तर धरायचं ती. मी म्हटलं, मला कशाला, मी या घरातली सगळ्यात भित्री. तर खोगीर पुसता पुसता म्हणाल्या, "म्हणूनच. शूर माणूस मध्येच इकडेतिकडे बघतो."